बहिऱ्या पिल्लाबद्दल

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पिल्लू दोन्ही कानांनी बहिरं आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ते ठीक. पण ‘असलं कुत्रं पुढे चावरं निघतं’ असं कुणीतरी घातलेलं भय मनातून काढून टाक. आमची चांदणी जन्मापासून बहिरी होती. इतकं समजूतदार कुत्रं मी दुसरं पाहिलं नाही.

तुझ्या हातूनही काही चुकलेलं नाही. कानाच्या आत रंगपेशी नसल्या, की जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच ऐकण्याच्या पेशी मरतात. म्हणून पांढऱ्या अंगाच्या पिल्लांत हे जास्त दिसतं.

पहिले काही दिवस तुझ्या छोटीला काहीच शिकवू नकोस. ती आपणहून तुझ्या तोंडाकडे बघेल, त्याच क्षणी अंगठा वर कर आणि खाऊ दे. अंगठा म्हणजे तिची शाबासकी. तुझ्याकडे बघण्यात फायदा आहे हे तिला एकदा पटलं, की ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ या खुणा भराभर येतात. खुणा एका हाताने करता येतील अशा, लांबून ओळखू येतील अशा ठेव, आणि घरात सगळ्यांनी त्याच करा. खूण करताना तोंडाने बोलतही जा. शब्द तिला ऐकू येणार नाहीत, पण बोलताना तुझा चेहरा हलतो, तो ती वाचते.

झोपेतून उठवणं मात्र फार जपून. चांदणी नवीन असताना मी एकदा तिला मागून एकदम हात लावला आणि तिने दचकून माझं बोट पकडलं. बिचारी नंतर कितीतरी वेळ कोपऱ्यात बसून होती. तेव्हापासून आधी नाकापुढे हात धरायचा, वास जाऊ द्यायचा, मग खांद्याला हलकेच स्पर्श, आणि डोळे उघडताच खाऊ. महिन्याभरात कुणीही हात लावला तरी ती शेपटी हलवतच उठायला लागली.

रिमोटने थरथरणारा गळ्यातला पट्टा घेणार असलास तर नुसता थरथरणाराच घे. शॉक देणारा घरात आणू नकोस, कुणी कितीही सांगो. थरथरणाराही लगेच गळ्यात बांधू नकोस. आधी हातात धरून थरथरव आणि खाऊ दे, असं बरेच दिवस. त्या थरथरीचा अर्थ ‘माझ्याकडे बघ’ एवढाच राहू दे, शिक्षा कधीच नको. काही कुत्री त्याला घाबरतात. तिचं तसं दिसलं तर सोडून दे, जमिनीवर पाय आपटलास तरी तिला कळेल. अंधारात अंगणातून बोलवायला टॉर्च एकदा लावून विझव. लेझर नको, त्या ठिपक्यामागे धावायचं वेडच लागतं.

आणि मोकळ्यावर दोरी सोडू नकोस. मागून येणारी गाडी तिला कळणार नाही. लांब दोरी बांध, म्हणजे तिला हुंदडताही येईल.

तिच्या नावाची खूण ठरली की लगेच कळव. मी येईन तेव्हा तिला त्याच खुणेने हाक मारायची आहे.

तुझा,
विनायक