पम्या, बारक्याच्या दोन बोटांबद्दल लिहितोय

पम्या,

आठ महिने झाले, तुझ्या मेसेजला नुसता अंगठा टाकून बसलोय. शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे अन् मग पुढं वाच. फोनवर हे सांगता आलं नसतं बे, तू मधीच बोलायला लागतोस. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे तसेच.

रविवारी रेस झाली, आपल्या त्याच मैदानावर, विजापूर रोडच्या पुढं. बारक्या उस्तादांची जुनी यामाहा आरएक्स घेऊन ओपन क्लासला उतरला अन् बारा जणांत सहावा आला. पुढचे पाचही नव्या फोर-स्ट्रोकवर, रेडिएटर, फ्युएल इंजेक्शन, सगळं कंपनीचं, अन् आपली 98 सीसीची टू-स्ट्रोक, जिचं चौथं बोरिंग झालंय, म्हणजे सिलिंडर चारदा आतून घासून झालाय, आणि आता स्लीव्ह, आतली नवी नळी, टाकल्याशिवाय इलाज नाही. लोकं येऊन माझा हात हातात घेत होते, एक म्हातारे मेस्त्री तर सायलेन्सरला हात लावून पाया पडले. मी लई खूश होतो. मग बारक्यानं हातमोजे काढले.

डाव्या हाताची पहिली दोन बोटं, मधल्या पेराला आतून कातडी सोललेली, मोज्याचं अस्तर तिथं चिकटून बसलेलं. म्हणलं हे काय बे? तर म्हणतो, "क्लच धरून होतो दादा, पिस्टन सिलिंडरात अडकलं तर लगेच मागचं चाक सुटलं पाहिजे की." आठच्या आठ लॅप! पोरगं पुढच्या गाडीकडं बघत नव्हतं, इंजिनाचा आवाज ऐकत होतं. सरळ पट्ट्यात शेवटचा गिअर टाकला की थ्रॉटल जरा मागं घेत होतं, ते मी दोरीच्या बाहेरून बघत होतो अन् मनात म्हणत होतो, वा, काय सांभाळून चालवतोय.

हे त्याला मीच शिकवलंय पम्या. तीन वर्षं रोज.

तेव्हापासून ती हिरवी डोक्यातून जात नाही. शटरच्या आतल्या बाजूला तू रद्दीतल्या मासिकाचं पान चिकटवलेलं ते अजून तिथंच आहे, हिरवा रंग उन्हानं पोपटी झालाय. वर्ल्ड सुपरबाइक रेसची कावासाकी झेडएक्स-7 आरआर, वर जपानी रायडर यानागावा. चिकटवलं तू, अन् तिच्यासाठी भांडलो मी, कारण तू मेल्या आधीच दोन सिलिंडरवाल्या डुकाटीच्या पार्टीत गेला होतास! सात रस्त्याच्या टपरीवर आपण किती रात्री घालवल्या त्याच्यावर. मी म्हणायचो नियमच वाकडा, दोन सिलिंडरवाल्याला 1000 सीसी अन् चार सिलिंडरवाल्याला 750, वर सुरवातीला ट्विनला, म्हणजे त्या दोनवाल्याला, वजनातही सूट, मग हिरवी हरणार नाही तर काय. तू एकच वाक्य बोलायचास, "मग 93 ला कशी जिंकली?" मला लई राग यायचा त्याचा.

पण तुझं बरोबर होतं बे. 1993 ला नियम तोच होता, फोगार्टी डुकाटी 888 वर होता, तरी स्कॉट रसेल 750 च्या कावासाकीवर चॅम्पियन झाला. 1997 ला कोसिन्स्कीनं होंडाच्या आरसी 45 वर डुकाटीला हरवलं, तीही 750 च. म्हणजे नियम जड होता, पण हरवता येत होता. होंडानं मग काय केलं, 2000 ला ती चार सिलिंडरची आरसी 45 बाजूला ठेवली, आपली 1000 ची ट्विन आणली, अन् कॉलिन एडवर्ड्स पहिल्याच वर्षी चॅम्पियन. डुकाटी 916 ची 996 झाली, 998 झाली. आणि आपली हिरवी? 1996 चीच हाडं, समोरच्यांची इंजेक्शन आली तरी हिच्यावर कार्ब्युरेटर, थेट 2002 पर्यंत. कंपनीची फॅक्टरी टीम, पगारी माणसं, मोठाले ट्रक, अन् मधोमध ती जुनी गाडी.

तिचं पुढचं चाक मात्र भक्कम, ब्रेकिंगला खिळ्यासारखी उभी राहायची, हे तूही मान्य केलं होतंस. त्यामुळं रायडरनं करायचं काय, तर सरळ पट्ट्यात गेलेलं सगळं ब्रेक मारताना भरून काढायचं. दर लॅपला, दर कोपऱ्यावर. मग पुढचं टायर किती टिकणार रे? यानागावा 1997 ला पहिल्या पूर्ण सीझनलाच रेस जिंकला होता, त्या माणसाच्या हातात काय होतं ते तेव्हाच दिसलं. तो हिरव्यावरच राहिला, चॅम्पियन कधी झाला नाही. 2002 च्या शेवटी कावासाकीनं मोटोजीपीची, म्हणजे सगळ्यात वरच्या रेसची, नवी गाडी काढली, जपानच्या मोटेगी ट्रॅकला पहिल्यांदा त्यालाच बसवलं, तिथं तो पडला, जखमी झाला, अन् पुढच्या रेसला गाडीवर अँड्र्यू पिट. हिरवीला परत टायटल मिळालं ते 2013 ला, टॉम साइक्सनं आणलं, रसेलनंतर वीस वर्षांनी. मधल्या वर्षांत जे घासले त्यांचं नाव फक्त तुझ्या-माझ्यासारख्यांना माहिती.

मी तेव्हा छाती काढून म्हणायचो, माणूस असावा तर यानागावासारखा, गाडी सोडली नाही पठ्ठ्यानं. आता बारक्याची बोटं बघितल्यावर तेच वाक्य तोंडातून निघत नाही.

कारण ऐक. रेस संपल्यावर पुण्याच्या एका टीमचा माणूस आला. म्हणतो पोरगं सहा महिने आमच्याकडं द्या, नवी गाडी देतो, ट्रॅकवर नेतो, खर्च आमचा. बारक्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ म्हणाला, "नको, आपली गाडी आहे की." आणि पम्या, मला इतकं बरं वाटलं! जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. रात्री एक वाजता उठून बसलो ते ह्या बरं वाटण्यामुळं. एकोणीस वर्षांचं पोरगं आहे. उस्तादांनी जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, गाडी बंद ठेवू नको. तिच्यावर कुणाला बांधून ठेव असं नव्हतं सांगितलं.

अजून एक, जे वीस वर्षांत मी बोललो नाही. तू पडलास त्या दिवशी, कॉलरबोन मोडलं तेव्हा, मी हॉस्पिटलमध्ये तुझ्यावर ओरडलो होतो की क्लचवर बोटं ठेव म्हणून शंभरदा सांगितलं होतं, ठेवली नाहीस, पिस्टन गेलं, क्रँक गेली. नंतर चार महिने बोललो नाही तुझ्याशी. पण इंजिन सीझ होऊन अडकेपर्यंत सहा लॅप तू पहिला होतास. ते मी कधी म्हणलोच नाही. पहिला होतास बे तू.

टीमवाल्याला गुरुवारपर्यंत कळवायचंय. मी बारक्याला जा म्हणलो तर त्याला वाटेल दादांनी हाकललं, त्याला बाप नाही तुला माहितीय. तुझं तो ऐकेल. त्याला त्या सहा लॅपचं सांग, तुझ्या तोंडानं सांग, अन् क्लच मोकळा सोडला की कसं वाटतं तेही सांग, ते मला माहीत नाही.

छोटीचं बारावीचं काय झालं? घराचं काम संपलं का, की अजून सुतार येतोय? वहिनींना नमस्कार. शेंगा चटणी अन् कडक भाकरी पाठवतोय, मागच्यासारखी ऑफिसात वाटून टाकू नको, घरी ने.

फोन बुधवारी कर, रात्री नऊच्या आत. तोपर्यंत तो गॅरेजमध्येच असतो, मी बाहेर चहाला जाईन.

तुझा,
मह्या

ता.क. स्लीव्ह मिळाली, उद्या टाकतोय. गाडी बंद राहणार नाही, सकाळी होटगी रोडला मीच काढत जाईन.