जावयाच्या देवांविषयी आई-बाबांना पत्र

रेक्याविक, आइसलँड

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गेल्या रविवारी लग्नविधीचा विषय निघाला, तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "त्या लोकांना टीव्हीवर पाहिले आहे आम्ही," आणि फोन आईच्या हाती दिला. आईने जेवणखाणाची चौकशी केली, पण तिचा आवाज मला कळतो. शिंगे लावून, अंगावर ओडिन या देवाची चिन्हे गोंदवून ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनात घुसलेला तो उघडा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर असणार. होणारे जावई त्याच देवांना मानतात, लग्नही त्यांचाच पुरोहित लावणार, मग आपली मुलगी कोणाच्या घरात चालली आहे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो रास्तच आहे. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी धर्मांतराचे सांगते. मी काहीही सोडलेले नाही आणि मला कोणी सोडायला सांगितलेले नाही. हे लोक धर्मप्रचार करीतच नाहीत.

या श्रद्धेला येथे आसात्रू म्हणतात. 'आस' म्हणजे ओडिन, थोर वगैरे देवांचे कूळ आणि 'त्रू' म्हणजे श्रद्धा. (थोर या देवाचे नाव येथे अगदी आपल्या 'थोर' शब्दासारखे उच्चारतात, याचा मला अजून आनंद वाटतो.) हा शब्द मात्र अर्वाचीन आहे. जुने लोक आपल्या धर्माला 'जुनी रीत' म्हणत आणि मला तो शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण आपल्याकडेही कुलदैवताविषयी बोलताना आपण धर्म म्हणत नाही, कुळाचार म्हणतो.

ही रीत मोडली कशी, ते बाबांना आवडेल. इसवी सन ९३० पासून आइसलँडचे लोक दर उन्हाळ्यात थिंगवेल्लिरच्या खडकाळ मैदानावर जमून कायदे करीत आणि तंटे सोडवीत. सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती झालेले आणि न झालेले असे दोन तट पडून लढाईची वेळ आली, तेव्हा निर्णय थोर्गेर नावाच्या माणसावर सोपवण्यात आला. कायदा मुखोद्गत असलेला आणि तो सभेला सांगणारा असा तो अधिकारी स्वतः जुन्या देवांचा उपासक होता. तो एक दिवस आणि एक रात्र पांघरुणाखाली पडून राहिला आणि उठून त्याने सांगितले की, देशात कायदा एकच हवा, म्हणून सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. मात्र ज्याला जुन्या देवांना नैवेद्य द्यायचा असेल त्याने तो घरात गुपचूप द्यावा. काही वर्षांतच ती सवलतही गेली. रक्तपात टळला, पण देव गेले. पुढे एका बिशपने वारांच्या नावांतूनही देव काढून टाकले. इंग्रजीतल्या गुरुवारात आजही थोर आहे. येथे मात्र त्या वाराला नुसते 'पाचवा दिवस' म्हणतात.

उरल्या त्या कविता आणि कथा, आणि त्याही ख्रिस्ती लेखकांनी, धर्मांतरानंतर दोन-अडीचशे वर्षांनी लिहून ठेवलेल्या. देवांविषयीच्या जुन्या काव्यांची मुख्य हस्तलिखित पोथी तेराव्या शतकातली आहे. ती कित्येक वर्षे डेन्मार्कच्या राजग्रंथालयात होती आणि १९७१ च्या एप्रिलमध्ये जहाजाने रेक्याविकला परत आली, तेव्हा बंदरावर लोकांची गर्दी लोटली होती. पुढल्याच वर्षी, २० एप्रिल १९७२ रोजी, म्हणजे येथल्या जुन्या पंचांगातल्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, डझनभर माणसांनी एकत्र येऊन आसात्रू मंडळ स्थापन केले. त्यांचे पहिले मुख्य पुरोहित स्वेनब्योर्न बेन्तेन्सन हे मेंढ्या पाळणारे शेतकरी होते, कवी होते आणि जुनी पद्ये पारंपरिक चालीवर गाण्यात त्यांचा हातखंडा होता. सरकारकडे मान्यतेचा अर्ज गेला तेव्हा पुष्कळांना ती थट्टाच वाटली आणि बिशपांनी विरोधही केला. पण राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्य असल्यामुळे १९७३ मध्ये मान्यता द्यावी लागली. म्हणूनच त्यांच्या पुरोहिताने लावलेले लग्न येथे पूर्ण कायदेशीर असते. जेमतेम चार लाखांच्या या देशात आज मंडळाचे पाच हजारांहून अधिक सदस्य आहेत.

या लोकांविषयी मला आदर वाटू लागला तो एका गोष्टीमुळे. ही परंपरा अखंड आहे असा दावा ते करीत नाहीत. विधी नेमका कसा होई हे पोथ्यांत फारसे आलेले नाही, म्हणून आपला आजचा विधी आपण जुन्या तुकड्यांवरून नव्याने बांधला आहे, असे ते मोकळेपणाने सांगतात. सध्याचे मुख्य पुरोहित हिल्मार ओर्न हिल्मार्सन हे संगीतकार आहेत. आठ पायांच्या घोड्यावरून हिंडणारा एकडोळा ओडिन देव खरोखर कोठे आहे असे कोणी मानत असेल असे त्यांना वाटत नाही; या कथांकडे ते काव्यरूपके म्हणून, निसर्गातल्या आणि माणसाच्या मनातल्या शक्तींची रूपे म्हणून पाहतात, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. बाबा, तुम्ही पाठवलेल्या संदेशात हे सगळे मूळचे वैदिकच होते असे म्हटले होते. त्यांच्या 'त्यूर' या देवाचे नाव आणि आपला 'देव' हा शब्द एकाच मुळातून आले आहेत, हे भाषाशास्त्र सांगते. परंतु चुलतभावाचे घर चुलतभावाचेच असते. ते आपले आहे असे म्हणून त्यात शिरणे मला बरोबर वाटत नाही.

आता टीव्हीवरच्या त्या माणसाविषयी. हा डाग खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनी-ऑस्ट्रियातल्या काही लोकांनी या देवांना आणि जुन्या लिपीला वंशाच्या अहंकाराची जोड दिली, नाझींनी एस.एस. या आपल्या निमलष्करी दलाच्या गणवेशावर त्याच लिपीची दोन अक्षरे चढवली, आणि हे देव फक्त गोऱ्यांचे आहेत असे म्हणणारे गट आजही अमेरिकेत आहेत. पण त्याच अमेरिकेत त्यांच्याशी उघडपणे संबंध तोडणारे आसात्रू गटही आहेत. येथल्या मंडळाने तर वंशवाद, लष्करी बाणा आणि पशुबळी या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत नाकारल्या आहेत. ते समलिंगी जोडप्यांची लग्ने लावतात म्हणून परदेशातल्या स्वधर्मीयांनीच त्यांना द्वेषाची पत्रे पाठवली, तरी त्यांनी आपली भूमिका बदलली नाही.

गेल्या दिवाळीत मी दाराबाहेर रांगोळी काढली. लक्ष्मीची पावले झाली, पण स्वस्तिकाची पहिली रेघ ओढून माझा हात थांबला, कारण समोरच्या घरातले आजोबा दार उघडून काय समजतील हे मला कळेना. आई, तू रोज सकाळी उंबऱ्यावर विचारही न करता जे काढतेस, ते मला पुरे करता आले नाही. तुमचा होणारा जावई माझ्या बाजूलाच उभा होता. त्याने सदऱ्याच्या आतून थोरच्या हातोड्याचे पदक बाहेर काढून दाखवले आणि सांगितले की, परदेशी प्रवासात तो ते नेहमी आतच ठेवतो. मग आम्ही दोघांनी मिळून स्वस्तिक पूर्ण केले, आणि दुसऱ्या दिवशी त्या आजोबांना फराळाचे ताट देऊन त्याचा अर्थ सांगितला.

एप्रिलमध्ये मी त्यांच्या उत्सवाला गेले होते. त्याला ते 'ब्लोत' म्हणतात. जुन्या काळी त्यात बळी असे. आता उघड्यावर विस्तव पेटवतात, वर्तुळात उभे राहतात, आणि पेयाने भरलेले बैलाचे शिंग हातोहात फिरते. ज्याच्या हाती शिंग येते त्याने देवांचे, पूर्वजांचे किंवा मनातले काही बोलून घोट घ्यायचा. शिंगाचे टोक वर गेले की आत हवा शिरते आणि पेय एकदम तोंडावर येते, म्हणून टोक खाली वळवून धरायचे, हे मला एका सात-आठ वर्षांच्या मुलीने दाखवले. आरंभी पुरोहिताने जुन्या काव्यातली प्रार्थना म्हटली. तीत दिवसाला, रात्रीला आणि उदार धरणीला नमस्कार आहे, आणि शेवटी वाणी, शहाणपण आणि जिवंत असेपर्यंत बरे करणारे हात मागितले आहेत. आई, तू पस्तीस वर्षे वॉर्डात काढलीस. ते ऐकताना मला तुझे डेटॉलच्या वासाचे हात आठवले आणि मी रडले.

लग्न जूनमध्ये थिंगवेल्लिरजवळ, उघड्यावर होईल. शपथेचे एक मोठे कडे असते. ते दोघांनी धरून वचन द्यायचे. चंपाषष्ठीला आपल्या घरी पाच जण मिळून तळी उचलतात, ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कड्याभोवतीची ती माणसे तुम्हाला परकी वाटणार नाहीत. डिसेंबरमध्ये साताऱ्याला अंतरपाट धरून मंगलाष्टकांसह लग्न करायचे हे ठरलेलेच आहे, आणि नंतर पालीला खंडोबाच्या पाया पडायला जायचे का, असे तुमच्या होणाऱ्या जावयानेच मला विचारले.

तुम्ही दोघांनी जूनमध्ये यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गुडघ्यांचे दुखणे लक्षात घेऊन बसण्याची सोय आम्ही करू. आईने येताना भंडाऱ्याची एक पुडी आणावी. बाबा, शिंग तुमच्याकडेही येईल. तुम्ही पीत नाही हे मी सांगून ठेवले आहे, तुमच्या पाळीला त्यात कोकम सरबत असेल. भाषणाची आवश्यकता नाही. मराठीतच बोला, आणि आजोबांचे नाव घ्या.

तुमची,
लेक