फोटोची पाठही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांच्या घरची जुनी छायाचित्रे येतात, तो उपक्रम चांगलाच आहे. पण पगडीतले पणजोबा, नथ घातलेल्या पणजी आणि खाली 'सुमारे १८८०' एवढ्यावर मजकूर संपतो. हा 'सुमारे' बहुतेक वेळा अंदाजपंचे असतो, आणि फोटो कोणी काढला याचा तर पत्ताच नसतो. दोन्हींचा माग काढायला लागणारा मजकूर पुष्कळदा पुठ्ठ्याच्या पाठीवर असतो, आणि नेमकी तीच बाजू छापली जात नाही. व्हिक्टोरियाच्या काळात व्यक्तिचित्रे काढणाऱ्या फोटोग्राफर घराण्यांचा इतिहास जुळवताना हाताशी येणारा पहिला कागद म्हणजे ही पाठ.

त्या काळचा अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला अल्ब्युमेन कागद इतका पातळ असे की सुटा ठेवला तर गुंडाळून जाई. म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवत. पुठ्ठ्याचे दोन आकार ओळखता आले की निम्मे काम झाले. 'कार्त द व्हिझित' साधारण ६४ × १०० मिलिमीटरचे. पॅरिसचा छायाचित्रकार दिस्देरी याने त्याचे पेटंट १८५४ मध्ये घेतले. 'कॅबिनेट' साधारण १०८ × १६५ मिलिमीटरचे, आणि ते १८६६ पासूनचे. म्हणजे कॅबिनेट पुठ्ठ्यावर '१८५७ च्या सुमाराचा फोटो' असे कोणी लिहिले असेल तर एकतर साल चुकले आहे, किंवा तो जुन्या फोटोचा पुन्हा काढलेला फोटो आहे. दुसरी शक्यता फार वेळा खरी ठरते. मूळ चित्राच्या कडा, टाचण्यांची डोकी, कागदाच्या घड्या चित्रात दिसतात का, चेहरा सपाट आणि कपडे पुठ्ठ्यापेक्षा जुन्या वळणाचे वाटतात का, हे बघावे. अशा वेळी पाठीवरचे नाव नक्कल करणाऱ्याचे असते.

दहापट भिंगाने पृष्ठभागही बघावा. अल्ब्युमेनमध्ये कागदाचे तंतू दिसतात, बारीक भेगा असतात, उजळ भाग पिवळट झालेला असतो. तंतू अजिबात दिसत नसतील तर मध्ये बेरियमचा पांढरा थर असलेला नंतरचा कागद आहे, आणि शतकाच्या अखेरीकडे सरकायला हरकत नाही. पुठ्ठ्याचे गोल कोपरे, जाडी, सोनेरी कड यांवरूनही दशक सांगतात, पण आमचा त्यावर फारसा भरवसा नाही. पुठ्ठे घाऊक छापून घेतले जात आणि लहान गावचा स्टुडिओ जुना साठा संपेपर्यंत वापरी.

पाठीवरच्या मजकुरातून साल कसे बांधायचे, याला छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या घराण्याइतके चांगले उदाहरण नाही. मेरठजवळच्या सरधन्याचा जन्म (१८४४), रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण, १८६६ पासून इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी. तिथे तुकोजीराव होळकरांचे प्रोत्साहन मिळाले. पुढे १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ, निजामाकडून 'राजा' हा किताब, १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ, १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून नेमणूकपत्र. आता पुठ्ठा उलटा करा. पत्त्यात मुंबई आहे? मग १८९६ च्या आधीचा नाही. राणीच्या नेमणुकीचा उल्लेख आहे? १८९७ च्या आधीचा नाही. 'राजा' नाही, नुसते 'लाला' आहे? तर किताबाच्या आधीचा असू शकतो. इथे 'असू शकतो' एवढेच म्हणावे, कारण जुन्या साठ्याची भानगड आहेच. प्रदर्शनातल्या पदकांचेही असेच. पदकावरचे सर्वांत अलीकडचे साल ही खालची मर्यादा असते (फोटो त्याआधीचा नाही), फोटोचे साल नव्हे. पदकावर समजा १८८३ असेल, तर तेच साल फोटोखाली जसेच्या तसे लिहिणे ही सर्रास दिसणारी चूक.

वरची मर्यादा, म्हणजे फोटो कोणत्या सालानंतरचा नाही हे, बांधणे अवघड. दीनदयाळांचा मुलगा धरमचंद १९०४ मध्ये गेला, १९०५ मध्ये खुद्द राजा दीनदयाळ गेले, आणि पेढी दुसरा मुलगा ज्ञानचंद याने पुढे चालवली. पाठीवरचे नाव हे पेढीचे असते, कॅमेऱ्यामागच्या माणसाचे नव्हे. हैदराबादला १८९२ मध्ये या पेढीने जनान्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. तो केनी-लेविक या इंग्रज बाई चालवत. नावाजलेल्या पेढीच्या नावाखाली अशी माणसे नाहीशी होतात. बोर्न अँड शेफर्ड या फोटोग्राफर पेढीचे तर विचारूच नका. सॅम्युएल बोर्न १८७० च्या अखेरीस कायमचा इंग्लंडला परतला, पेढीचे नाव मात्र कोलकात्यात २०१६ पर्यंत टिकले. तरीही १८९० च्या दशकातल्या चित्राखाली 'छायाचित्र : बोर्न' असे बिनदिक्कत छापले जाते.

पत्ता मिळाला की डिरेक्टरी, म्हणजे दरवर्षी निघणारी नावा-पत्त्यांची यादी, बघावी. 'थॅकर्स इंडियन डिरेक्टरी' या नावाने १८८५ पासून आहे, त्याआधी तिचे नाव 'बंगाल डिरेक्टरी' होते. मुंबईसाठी टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी अधिक उपयोगी. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि राज्य पुराभिलेखागार इथून सुरुवात करावी. वर्षावार तक्ता करावा : साल, पेढीचे नाव जसेच्या तसे, पत्ता, मालक-भागीदार, शाखा. जो खंड पाहायला मिळाला नाही त्या सालासमोर 'पाहिला नाही' असे लिहावे. रकाना कोरा ठेवला की पुढे कोणीतरी 'त्या वर्षी पेढी बंद होती' असा अर्थ काढतो. शिवाय डिरेक्टरीतली माहिती आदल्या वर्षी गोळा केलेली असते, तेव्हा दोन्ही बाजूंना एक-एक वर्ष सोडावे. रस्त्यांची नावे बदलली आहेत : रॅम्पार्ट रो म्हणजे आताचा के. दुभाष मार्ग, मेडोज स्ट्रीट म्हणजे नगीनदास मास्टर मार्ग, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी मार्ग.

आपल्याकडच्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग हा मोठा अडथळा. मुंबईचे आद्य व्यावसायिक छायाचित्रकार हरीचंद चिंतामण यांच्या नावात 'एच'नंतर 'ए' नाही, 'यू' आहे आणि 'आर' दोनदा आहे. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला ते सापडणारच नाहीत. नावे मोठ्याने उच्चारून त्या वेळचा साहेब ती कशी लिहील, अशी चार-पाच रूपे करून प्रत्येक शोधावे.

युरोपीय फोटोग्राफरांची घराणी शोधणे त्यामानाने सोपे. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह, दफने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एन/३ या मालिकेत आहेत. इंग्लंडची दर दहा वर्षांची जनगणना १८५१ पासून घरातल्या प्रत्येकाचे वय, नाते, धंदा आणि जन्मस्थान देते. भागीदारी मोडल्याच्या आणि दिवाळखोरीच्या सूचना 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी राजपत्रामध्ये सापडतात. १८६२ च्या कॉपीराइट कायद्यानंतर हक्कासाठी नोंदवलेल्या छायाचित्रांचे अर्ज लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'कॉपी १' या मालिकेत आहेत, काहींना मूळ फोटोही जोडलेला. मराठी घराण्यासाठी अशी सोय नाही. तिथे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. गाव आणि आडनाव सांगितले की तीन-चार पिढ्यांची नावे निघू शकतात. धंदा तिथे क्वचितच लिहिलेला असतो, पण भाऊ कोण आणि मुलगा कोण हा पेच सुटतो.

पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेला आकडा हा बहुधा काचेचा, म्हणजे निगेटिव्हचा क्रमांक असतो. ज्यादा प्रती मागवण्यासाठी तो लागे. एकाच स्टुडिओची पंधरा-वीस चित्रे क्रमांकासह जमली आणि त्यांतल्या चार-पाचांवर तारखा असल्या, तरी मधली साले ढोबळमानाने बसवता येतात. शाखा बदलली किंवा भागीदार आला की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झालेला असू शकतो, हे धरून चालावे. अशी पंधरा-वीस चित्रे एका घरात नसतातच. आपल्या पुरवणीमुळे ती एकत्र येऊ शकतात.

म्हणून विनंती : छायाचित्र मागवताना दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन मागवावेत, ६०० डीपीआयला, शेजारी मोजपट्टी ठेवून, कडा न कापता. फोटो अल्बमच्या खाचेतून सहज निघत नसेल तर ओढू नये. पुठ्ठ्याचा पदर सुटतो आणि नाव त्याच्याबरोबर जाते. पुठ्ठ्यावरून फोटो सोलणे तर मुळीच नको. काचा सापडल्या तर पाण्याने पुसू नयेत. मंद दिसणारी बाजू चित्राची असते आणि ओले झालेले जिलेटिन फुगून सुटते. काचा एकावर एक न रचता कागदी पाकिटात, लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात. छापताना ओळीत आकार, पाठीवरचे नाव-पत्ता, क्रमांक आणि 'अमुक सालानंतर' एवढे द्यावे. पाठ कोरी असेल तर 'पाठ कोरी' असे छापावे.

आपले,
जुन्या छायाचित्रांचे काही अभ्यासक, पुणे