सँडपेपर का हिसकावला

मनू,

काल तू तुझ्या जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता घासायला घेतलास तेव्हा तुझ्या हातातून सँडपेपर हिसकावून घेतला आणि वर ओरडलो पण, त्याचं आधी सॉरी. तू दिवसभर बोलली नाहीस ते बरोबरच होतं. पण ओरडलो का ते तोंडी नीट सांगता येत नाही मला, मध्येच माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

तुझ्या वयाचा असताना मला पण अशीच एक जुनी थ्री नॉट थ्री रायफल मिळाली होती. दस्ता काळा पडलेला, तेलकट, ठिकठिकाणी ठोकल्याचे खड्डे. मी दोन रविवार घासघास घासला, वर चकचकीत पॉलिश मारलं आणि एका जाणत्या माणसाला मोठ्या कौतुकाने दाखवायला नेला. त्याने हात फिरवला आणि एवढंच विचारलं, शिक्के कुठे गेले रे? लाकडावर तपासणीचे बारीक बारीक शिक्के असतात, कुठे बनली, कधी दुरुस्त झाली ते त्यावरून कळतं. मी ते सगळे पावडर करून झाडून टाकले होते. ते आता परत येत नाहीत गं.

तुझ्या रायफलीवर तर वाचायला कितीतरी आहे. डाव्या बाजूला यूएस प्रॉपर्टी असं कोरलंय ना, त्यावरून तू अमेरिकन सैन्याची समजलीस. ती त्यांच्या सैन्यासाठी कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सला अशा दहा लाखांहून जास्त ली-एनफिल्ड नंबर फोर रायफली बनवल्या, लेंड-लीजच्या (म्हणजे मित्रदेशांना युद्धाचं सामान उसनं द्यायच्या) करारात ब्रिटनला द्यायला, आणि कागदोपत्री मालकी अमेरिकेची म्हणून तो शिक्का. छोट्या छोट्या पार्टवर चौकोनी एस दिसेल, तो पण त्यांचाच. भिंग घेऊन बस एकदा, मजा येते. आणि नळीत डोकावून तू म्हणालीस की बाबा हिच्यात दोनच खाचा आहेत, झिजली वाटतं. नाही झिजली. नेहमी पाच असतात, पण युद्धाच्या घाईत काम लवकर उरकावं म्हणून बऱ्याच नळ्या दोन खाचांच्याच केल्या आणि त्या पण चांगला नेम देतात.

तर बाहेरून हात लावायचा नाही. जुनं ग्रीस पुसून काढ, लाकूड फार कोरडं वाटलं तर जवसाचं तेल बोटाने चोळ, अगदी थोडं. बास.

आतून मात्र कशावरच विश्वास ठेवायचा नाही. विकणारा म्हणाला मस्त कंडिशन, म्हणू दे. आर्मररकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, गेज लावून हेडस्पेस (काडतूस आणि त्याला मागून बंद करणारा बोल्ट यांच्यातली फट) बघितल्याशिवाय एक गोळी सुद्धा नाही. बोल्टच्या दांड्याच्या मागचा नंबर आणि रायफलचा नंबर जुळतो का ते मी बघितलंय, जुळतो, पण बोल्टचं पुढचं डोकं वेगळं निघतं आणि ते कमी-जास्त लांबीचं, शून्य ते तीन अशा नंबरांत यायचं, ऐंशी वर्षांत कुणी कुठलं बसवलं असेल सांगता येत नाही. अजून एक, तुझी नंबर फोरमधली मार्क वन स्टार जातीची आहे. तिचा बोल्ट काढायला, तो सरकतो त्या उजव्या पट्टीलाच पुढे एक खाच आहे, ती खाच कडेने तुटलेली असली तर बोल्ट जोरात मागेपुढे करताना डोकं पट्टीवरून निसटतं. आर्मररला हे मुद्दाम दाखव, विसरू नकोस. (डीपी असा शिक्का असता तर मी घेऊच दिली नसती, त्या फक्त कवायतीच्या, उडवायच्या नाहीत.)

तू दोन वर्षं पॉइंट टू टू या छोट्या रायफलीवर काढलीस, नेम तुझा माझ्यापेक्षा बरा आहे, ते मान्य. पण ती गोळी वजनाला चाळीस ग्रेनची, ही एकशे चौऱ्याहत्तरची, आणि मागे रबर नाही, धातूची प्लेट आहे. खांद्याला घट्ट नाही धरलीस तर दुसऱ्या दिवशी निळं पडेल आणि त्याहून वाईट म्हणजे गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायची सवय लागेल, ती सवय जायला महिने लागतात, माझी अजून पुरती गेलेली नाही. म्हणून पहिल्या दिवशी फक्त दहा गोळ्या. मॅगझिनमध्ये बरोबर दहा बसतात, पण एकदम नको भरूस, एकेक घालून मार. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की जाम होतं, ते घरी डमी म्हणजे खोट्या काडतुसांवर करून बघू. बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जड लागेल, घाबरू नकोस, ही बंद होताना कॉक होते, म्हणजे आतली स्प्रिंग ताणली जाते. सेफ्टी मागे म्हणजे गोळी सुटत नाही, पुढे म्हणजे सुटते. चाप दाबला आणि काहीच झालं नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांब, जुना दारूगोळा कधी कधी उशिरा उडतो.

आणि तो तुझ्या मित्राने दिलेला जुन्या मिलिटरी काडतुसांचा डबा. त्यांच्या प्रायमरमधून (बुडाशी ठिणगी टाकणारी टोपी) नळीत क्षार उरतो, मिठासारखाच, हवेतलं पाणी ओढतो, आणि नुसत्या तेलाने तो जात नाही. मी त्या वेळी तेल मारून झोपलो होतो, पुढच्या रविवारी नळी आतून तपकिरी. जुने सैनिक उकळतं पाणी ओतायचे, आपण पण तेच करू, मग सुकवून तेल. रेंजवरून आल्या आल्या, हातपाय धुवायच्या आधी.

शनिवारी आर्मररकडे जाऊ. सँडपेपर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, शोधू नकोस. रेंजला जाऊ त्या दिवशी किटली आणि नरसाळं मी काढून ठेवतो.

बाबा