माउस ताईंच्या हाती देणाऱ्या मॅडमना

स. न. वि. वि.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीच्या ईआरपीत, म्हणजे खरेदी-हिशेब सांभाळणाऱ्या कॉम्प्युटर प्रणालीत, आपण लावून दिलेले मंजुरीचे आणि स्मरणपत्रांचे नियम आता बिनबोभाट चालू आहेत. त्याबद्दल फोनवर मानलेले आभार अपुरे वाटले, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

आपल्याआधी आलेल्या सल्लागारांनी घसघशीत बिल लावून जी व्यवस्था केली होती, तिच्यात ग्राहकाला जाणारे स्मरणपत्र देय तारखेशी न जोडता नोंद सेव्ह होण्याशी जोडलेले होते. त्यामुळे हिशेब पाहणाऱ्या आमच्या ताईंनी बिलावरचा गाडीचा नंबर दुरुस्त केला, तरी समोरच्याकडे पैशांचा तगादा जाई. खरेदीची मागणी टाकणाऱ्यालाच ती मंजूरही करता येत होती, हे तर त्याहून थोर. तक्रार केली की ‘तुमचा स्टाफ ट्रेन्ड नाही’ हे उत्तर ठरलेले, आणि स्टाफ म्हणजे अर्थातच ताई.

आपण मात्र कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ताईंची वही मागून घेतलीत आणि कोणता कागद कोणाच्या सहीसाठी अडतो, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेत. पहिला नियम तयार होताच त्याला ‘पन्नास हजारांवरची खरेदी, मालकांच्या मंजुरीला’ असे सरळ मराठी नाव दिलेत, माउस ताईंच्या हाती दिलात आणि म्हणालात, “आता हा तुम्ही बंद करा, रक्कम बदला आणि पुन्हा चालू करा.” ताई बराच वेळ चाचपडत होत्या, पण आपण स्क्रीनकडे बोटसुद्धा दाखवले नाही. जाणकारी बाजारात पुष्कळ मिळते; समोरच्याला अडाणी न ठरवता ती देणे कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेले आम्ही पाहिले नव्हते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकवून पैसे पुढच्या आर्थिक वर्षात दिले, तर ज्या वर्षीचा तो खर्च, त्या वर्षी आयकरातली वजावटही हुकते. ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवून देणाऱ्या आमच्या पॅटर्नवाल्यांच्या बिलांसाठी, करार आहे की नाही ही अट घालून, मुदतीच्या आधीच सूचना देणारा नियम ताईंनी परवा एकट्यांनी लावला. मला त्यांनी तो चालू झाल्यावर दाखवला.

आपला कृतज्ञ,
शिरोलीचा एक कारखानदार