आबा, तुमच्यामुळे फड कळला

आदरणीय आबा,
सादर नमस्कार.

धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या पाटावर तुम्ही मला दोन दिवस फिरवलंत. आभार तेव्हाच मानायचे राहिले, ते आज सगळ्यांसमोर मानतो.

ब्रिटिश काळातल्या खानदेशच्या शेतीवर मी लिहितोय. कापसाची 1860च्या दशकातली तेजी, रेल्वे, 1906 मध्ये जिल्ह्याचे झालेले पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, हे सगळं कागदांत सापडलं. 1880च्या गॅझेटियरात नद्या, माती, पिकं यांची माहिती पानोपानी आहे. अडलं ते एका जुन्या मोजणी नकाशापाशी. बंधाऱ्याखालची जमीन लांबट, अरुंद पट्ट्यांत चिरलेली आणि एकाच खातेदाराचे पट्टे चार ठिकाणी. भाऊबंदांच्या वाटण्यांनी जमिनीचे तुकडे पडले, असं मी लिहूनही टाकलं होतं.

तुम्ही तो नकाशा बांधावर पसरलात, उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ढेकळं ठेवलीत आणि काठीनं एकेक फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचा एकेक भाग, दाखवलात. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. यंदा इथं ऊस, तिथं गहू, पलीकडे भात. पुढं पिकं फडाफडांतून फिरणार. मग ज्याची सगळी जमीन एकाच फडात, त्याच्या वाट्याला उसाचं पाणी यायचं कधी? म्हणून प्रत्येकाचा पट्टा प्रत्येक फडात. मी ज्याला तुकडे म्हणत होतो, ती पाण्याची वाटणी होती! मोजणीनं प्रत्येक पट्ट्याला वेगळा नंबर दिला, वेगळा सारा लावला. पट्ट्यांना बांधून ठेवणारं पाणी नकाशावर उमटलंच नाही.

पाटकरी दारं धरणार, जागल्या राखण करणार, हवालदार दोघांवर नजर ठेवणार. शेतकऱ्यानं स्वतः पाटाला हात लावायचा नाही. हे सांगता सांगता तुम्ही चारीचं तोंड पायानंच मोडलंत, पाणी सारंगात, म्हणजे शेतातल्या छोट्या चारीत, वळलं आणि तुम्ही बोलायचं थांबून ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेस्तोवर बघत राहिलात. इतकी वर्षं हे काम करूनही! ते मी विसरणार नाही.

ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं आहे. दिवाळीनंतर नकाशाची मोठी प्रत घेऊन येतो. खालच्या फडातल्या सहा पट्ट्यांची जुनी नावं अजून लागलेली नाहीत, तेवढी तुमच्याकडून लिहून घ्यायची आहेत.

आपला,
नकाशावाला