स्कर्टआधी मापं पाठव

लेस्टर (इंग्लंड), १२ मे

प्रिय शलाका,
अनेक आशीर्वाद.

जुने स्कर्ट आणू नकोस, इथेच घेऊ. पण ‘आधीपेक्षा एक साइज मोठा’ हा तुझा हिशेब चालणार नाही. बाळंतपणानंतर कंबर, पोट आणि सीट (नितंबांचा घेर) सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून आधी मापं पाठव.

टेप आईला धरायला सांग. आपलं आपण घेतलं की ती मागून घसरते. बाजूला वाकल्यावर घडी पडते ती कंबर. श्वास सोडून माप, मग खुर्चीवर बसून पुन्हा. इंच-दीड इंच वाढतं, आणि पट्टा काचतो तो तेवढ्यामुळेच. सीट सगळ्यात रुंद जागी, पाय जुळवून. उंची पुढून वेगळी, मागून वेगळी: पोट पुढे असेल तर पुढून कापड जास्त लागतं, नाहीतर स्कर्ट पुढे उचलला जातो आणि मागे लोंबतो. परकर हे सगळं सांभाळून घेतो, नाडी आवळली की झालं. चेनचा स्कर्ट नाही घेत.

इथला १२ नंबर म्हणजे युरोपचा साधारण ४० आणि अमेरिकेचा ८, पण कंपनीगणिक फरक पडतो. मी तक्त्यातले सेंटीमीटरच बघते. कंबर एका नंबरात आणि सीट दुसऱ्यात आली, तर सीटला बसेल तो घ्यायचा. कंबर टक्स घालून, म्हणजे कापडाला आतून चिमटे शिवून, आत घेता येते. सीटला मात्र सोडायला काही नसतं. रेडीमेडमध्ये माया (शिवणीतलं जादा कापड) जेमतेम सेंटीमीटरभर, आपल्या टेलरसारखी इंचभर नाही.

तुझ्यासाठी ए-लाइन (खाली पसरत जाणारा), पुढे सपाट पट्टा आणि मागे इलॅस्टिक. कंबरेपासूनच्या चुण्या पोटावर फुगतात. हव्याच असतील तर चार-पाच इंचांच्या योकखाली (कंबरेच्या सपाट पट्टीखाली). सॅटिनचे उरेब (तिरके) कापलेले स्कर्ट दुकानात छान लोंबतात, अंगावर मात्र आतल्या कपड्याची शिवणसुद्धा दाखवतात. ते सध्या नकोच. रॅप (गुंडाळून बांधायचा) स्कर्ट पोट कमी-जास्त होत असताना फार सोयीचा, पण एकावर एक येणारा भाग किमान बारा इंच हवा. त्याहून कमी असेल तर बसताना उघडतो, आणि इथला वारा तर विचारूच नकोस. व्हिस्कोस पहिल्या धुण्यात इंचभर आखडू शकतो, तेवढी लांबी जास्त धरू. फिकट कापडाआड हात धरून बोटं दिसली, तर अस्तर हवं. मांड्या घासत असतील तर आतून सुती सायकलिंग शॉर्ट्स.

घालून बघताना पट्ट्याखाली आडव्या सुरकुत्या आल्या किंवा बाजूच्या खिशांनी तोंड उघडलं, की सीट घट्ट. चालताना स्कर्ट गोल फिरून चेन दुसरीकडे गेली, तर कंबर सैल. आरशासमोर नुसती उभी राहू नकोस, बस, खाली वाक.

ऑनलाइन मागवलेलं हातात आल्यापासून १४ दिवसांत रद्द करता येतं, तसा इथला कायदाच आहे. दुकानात घेतलेलं नुसतं आवडलं नाही म्हणून परत घ्यायचं की नाही, हे त्या दुकानाच्या मर्जीवर. म्हणून तू यायच्या आठवड्यात प्रत्येक स्कर्ट दोन साइजमध्ये मागवते. नीट बसेपर्यंत टॅग कापायचा नाही. सध्या दोनच ठेवू, अंग अजून बदलतंय. वर पुढून उघडणारे टॉप आण, बाळाला पाजायला बरे पडतात.

मापं सेंटीमीटरमध्ये लिही, बसूनचं विसरू नकोस. आईला नमस्कार.

तुझी,
ताई